पैंजणावर ९२५ लिहिलंय, परत करू का?

*बी-३०४:* मंडळी, लेकीसाठी चांदीचे पैंजण घेतले. घरी येऊन बघते तर हुकाजवळ बारीक अक्षरात ९२५ आणि बिलावर "स्टर्लिंग". मी तर चांदी मागितली होती. परत करू का?

*सी-१०२:* काकू, शुद्ध चांदी म्हणजे ९९९. बाकी सगळी भेसळ. लगेच परत करा.

*ए-२०१:* थांबा काकू! माझी नोकरी चांदीचा टंच, म्हणजे शेकडा किती शुद्ध ते, तपासण्यातच गेली, म्हणून कळकळीने सांगतो. ९२५ किंवा स्टर्लिंग म्हणजे हजार भागांत ९२५ भाग चांदी आणि उरलेले ७५ बहुतेक वेळा तांबं. सराफाच्या भाषेत साडेब्याण्णव टंच. ही भेसळ नव्हे. शुद्ध चांदी फार मऊ. तिचे पैंजण रोज वापरले तर कड्या ताणून उघडतात, घुंगरू चेपतात. तांब्याने कणखरपणा येतो. फसवणूक होते ती ९९९ चा भाव लावून ९२५ दिली तर, किंवा ९२५ सांगून ६० टंचाचा माल गळ्यात मारला तर.

*बी-३०४:* पण सासूबाईंचे राणीछाप रुपये? ते तरी शुद्ध ना?

*ए-२०१:* तेही नाहीत. राणीछाप रुपया ११.६६ ग्रॅमचा, चांदी ९१.७ टक्के. तुमच्या पैंजणांपेक्षा किंचित कमीच! हातोहात फिरणारं नाणं झिजू नये म्हणून तांबं घालायचे. १९४० पासूनच्या रुपयात तर चांदी निम्म्यावर आली. लक्ष्मीपूजनाला आपण तेच मांडतो आणि ९२५ ला मात्र नावं ठेवतो, हे बरं नाही.

*डी-४०३:* काका, माझी ९२५ ची अंगठी पावसाळ्यात पार काळी पडली. शुद्ध असती तर पडली नसती ना?

*ए-२०१:* पडली असती, ताई. हवेतल्या गंधकाच्या संयुगांमुळे चांदी काळवंडते. तांब्यामुळे ९२५ जरा लवकर, एवढंच. भांड्यात अॅल्युमिनियम फॉइल पसरा, वर अंगठी, चमचाभर खायचा सोडा आणि उकळतं पाणी. पाच मिनिटांत उजळेल. खडा असेल किंवा ऑक्सिडाइज्ड नक्षी असेल तर हे करू नका, नक्षीतला काळेपणाही निघून जाईल.

*सी-१०२:* मोडीला काय मिळणार पण?

*ए-२०१:* ५० ग्रॅम ९२५ मध्ये चांदी ४६.२५ ग्रॅम, मोड देताना तेवढीच धरतील. म्हणूनच घेतानाही भाव त्याच हिशोबाने हवा आणि बिलावर टंच, वजन, घडणावळ वेगवेगळं. साठवायला नाणं किंवा वीट घ्यायची तर ९९९ च घ्या. जर्मन सिल्व्हर मात्र चांदीच नव्हे. तांबं, निकेल, जस्त.

*डी-४०३:* हॉलमार्क बघायचा ना?

*ए-२०१:* हो, पण चांदीला तो सक्तीचा नाही. १ सप्टेंबर २०२५ पासून चांदीलाही एचयूआयडी, म्हणजे प्रत्येक दागिन्याचा वेगळा ओळख क्रमांक, मिळतो, तोही ऐच्छिक. दागिन्यावर असेल तर भारतीय मानक ब्युरोच्या बीआयएस केअर अॅपवर टाकून बघा.

*बी-३०४:* बिलावर भाव कितीचा लावलाय ते बघते. फोटो टाकू?

*ए-२०१:* टाका. शिक्क्याचाही जवळून काढा.