मोठं बिझनेस सॉफ्टवेअर डिझाइन करायला शिकायचं, तर सुरुवात एकसंध अ‍ॅपने की मायक्रोसर्व्हिसेसने?

गोदाकाठ (धागाकर्ता):
बहुस्तरीय सॉफ्टवेअर शिकणाऱ्याने पहिले सहा महिने एक अ‍ॅप आणि एक डेटाबेस (म्हणजेच एकसंध अ‍ॅप) यापलीकडे जाऊच नये, त्याचे छोटे स्वतंत्र प्रोग्राम म्हणजे मायक्रोसर्व्हिसेस करू नयेत, असं माझं ठाम मत आहे. नाशिकमध्ये नव्या मुलांच्या बायोडेटात काफ्का (सर्व्हिसेसमध्ये निरोप पोचवणारं), कुबरनेटीस (अनेक मशीनवर सर्व्हिसेस चालवणारं), दहा-बारा सर्व्हिसेस सगळं असतं. पण एका व्यवहारात कोणकोणत्या नोंदी एकत्रच व्हायला हव्यात, असं विचारलं की गाडी अडते.

सरावाला लासलगावचा कांदा लिलाव घ्या. आवक नोंद, लिलाव, सौदापट्टी (ठरलेल्या भावाची चिठ्ठी), वजनकाटा, हिशेबपट्टी (शेतकऱ्याला द्यायच्या रकमेचा हिशेब). समजा भरलेला ट्रॅक्टर ५,८४० किलो, रिकामा ३,३९०, म्हणजे निव्वळ २४.५० क्विंटल. भाव १,८५०, रक्कम ४५,३२५ रुपये. पुढे खळ्यावर माल ओतला, तळाची प्रत हलकी निघाली, वांधा झाला आणि भाव १,७९० वर आला. रक्कम झाली ४३,८५५. शिकाऊ माणूस भावाच्या रकान्यात सरळ नवा आकडा लिहितो, आणि शेतकऱ्याचे १,४७० रुपये का कमी झाले याचा पुरावाच पुसला जातो. मूळ भाव तसाच राहू द्यायचा आणि बदलाची वेगळी ओळ घालायची: कोणी, केव्हा, कशामुळे. डिझाइन इथे शिकायला मिळतं, आणि त्याला एकही जादा सर्व्हर लागत नाही.

थरांचंही तसंच. स्क्रीन, धंद्याचे नियम आणि डेटाबेसशी बोलणारा कोड वेगळा ठेवा. तो खरंच वेगळा झाला का, हे तपासायला एकच कसोटी पुरते: ब्राउझर आणि डेटाबेस दोन्ही बंद असताना हिशेबपट्टीचा नियम टेस्ट करता यायला हवा.

सातपूर पहिली पाळी:
वांध्याचं उदाहरण चोख, पण निष्कर्ष पटला नाही. सगळं एका लॅपटॉपवर चालतं तेव्हा नेटवर्क दिसतच नाही, आणि मोठी सिस्टिम तिथेच मोडते.

लॅपटॉपवर २०० हिशेबपट्ट्यांची यादी झटकन येते. आत मात्र कोड यादीसाठी एक आणि प्रत्येक पट्टीच्या शेतकऱ्यासाठी एक, अशा २०१ क्वेरी (डेटाबेसला विचारलेले प्रश्न) मारत असतो. डेटाबेस दुसऱ्या मशीनवर गेला आणि एका फेरीला ५ मिलिसेकंद लागले, की तीच यादी एक सेकंद खाते. दुसरं, ट्रान्झॅक्शन (सगळ्या नोंदी एकत्र होतात, नाहीतर एकही होत नाही, असा डेटाबेसचा व्यवहार) उघडी ठेवून आतून एसएमएस पाठवणं; तोवर ती डेटाबेसचं एक कनेक्शन अडवून बसते. हिकारी या जावातल्या कनेक्शन पूलमध्ये (डेटाबेसची तयार कनेक्शन वाटून देणारा साठा) आपण काही बदललं नाही तर १० कनेक्शन असतात. एसएमएसवाल्याचं उत्तर यायला ५ सेकंद लागले, तर अख्ख्या अ‍ॅपमधून सेकंदाला दोनच पट्ट्या निघतात. डेटाबेस रिकामा बसलेला, आणि लोक त्याचीच रॅम वाढवत बसतात.

म्हणून पहिल्याच महिन्यात दोन मशीन घ्या, मध्ये मुद्दाम २०० मिलिसेकंदांचा उशीर घाला आणि मग कोड लिहा.

गोदाकाठ:
तुम्ही सांगितलेले दोन्ही दोष एकसंध अ‍ॅपमधलेच आहेत, ते तिथेच दाखवता येतात. उशीर घालायला माझी ना नाही. माझा विरोध तुकडे करण्याला आहे. एका पट्टीसाठी पाच सर्व्हिसेस एकामागून एक लागत असतील आणि प्रत्येक ९९.९ टक्के वेळ चालू असेल, तर साखळी ९९.५ टक्क्यांवर येते. म्हणजे ३० दिवसांत ४३ मिनिटं बंद राहणारी गोष्ट साडेतीन तासांहून जास्त बंद. शिवाय सौदा एका डेटाबेसमध्ये, वजन दुसऱ्यात. मध्येच काही फसलं तर रोलबॅक (सगळ्या नोंदी आपोआप मागे घेणं) मिळत नाही, उलट नोंदी करणारा कोड स्वतः लिहावा लागतो. ट्रान्झॅक्शन कशाशी खातात हे कळायच्या आधी हे नको.

अंबड जॉबवर्क:
तुम्ही दोघं मशीनवर भांडताय. माझ्या मते शिकणाऱ्याने आधी धंद्याचे कागद वाचावेत. अंबड-सातपूरमध्ये रोज चलनावर माल प्लेटिंगला बाहेर जातो. जीएसटी कायद्याच्या कलम १४३ प्रमाणे असा कच्चा माल एक वर्षात परत यायला हवा, नाहीतर तो पाठवला त्याच दिवशी पुरवठा झाला असं धरतात. आता ५०० नग गेले, ३०० आले, १२ रिजेक्ट. चलनावर फक्त ‘परत आला: हो/नाही’ असा रकाना ठेवलात, तर उरलेल्या १८८ नगांची मुदत कशी मोजणार? माल परत आल्याची प्रत्येक पावती वेगळ्या तक्त्यात नोंदावी लागते, चलनाच्या ओळीला जोडून. हे चुकलं तर एक सर्व्हर असो की बारा, पुढचं सगळं फुकट.

मखमलाबाद नाका:
हे पटलं. पण मग तुकडे करायचे कधी? की कधीच नाही?

गोदाकाठ:
टीम एकमेकींच्या रिलीजसाठी खोळंबू लागल्या की. संस्थेत माणसं जशी एकमेकांशी बोलतात तसाच आकार तिच्या सिस्टिमला येतो, हे मेल्विन कॉनवे यांनी १९६८ मध्येच लिहून ठेवलंय. तीन माणसांना बारा सर्व्हिसेस झेपत नाहीत. आकडेमोडही करून बघा: बारा सर्व्हिसेस, प्रत्येकी १० कनेक्शन, झाली १२०. पोस्टग्रेस या डेटाबेसची, आपण बदलली नाही तर, कनेक्शनची मर्यादा १०० आहे. बाराही सर्व्हिसेस त्याच पोस्टग्रेसवर असतील, तर शेवटच्या दोन चालूच होणार नाहीत.

सातपूर पहिली पाळी:
अंबडकरांचं मान्य, बारा सर्व्हिसेस नकोत हेही मान्य. पण दोन प्रोसेस (वेगवेगळे चालणारे प्रोग्राम) पहिल्या दिवसापासून हव्यातच, इथे मी हटत नाही. पैसे पाठवणारी बँकेची सर्व्हिस कुठल्याही अ‍ॅपमध्ये बाहेरचीच असते. तिचा टाइमआउट आला (ठरल्या वेळेत उत्तर आलं नाही) म्हणजे पैसे गेले नाहीत, असा अर्थ काढणारा कोड परत पाठवतो आणि शेतकऱ्याला दोनदा पैसे जातात.

उपाय शिकवता येतो. हिशेबपट्टी आणि ‘पैसे पाठवायचे’ ही नोंद एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये लिहा. दुसरी प्रोसेस ती नोंद उचलेल आणि पट्टीला एकदाच दिलेला क्रमांक बँकेकडे पाठवेल. तोच क्रमांक पुन्हा आला, तर समोरच्याने नवे पैसे न पाठवता जुनंच उत्तर द्यायचं. सरावासाठी ही खोटी बँक स्वतःच लिहा. मग तिच्याकडे मागणी पोचल्यावर, उत्तर यायच्या आत, पाठवणारी प्रोसेस मारून टाका. परत चालू करा आणि खोट्या बँकेच्या खात्यात ४३,८५५ ची ओळ किती वेळा पडली ते मोजा.