धुळ्यात देवपूरला घर घ्यावं का?

प्रश्न: पांझरा नदीपलीकडे देवपुरात एक कॉलनी बघितली, सगळीकडे निंबाची सावली, बायकोला तर फारच आवडली, आता तयार रो-हाऊस घेऊ की प्लॉट घेऊन बांधू?

उत्तर १: भाऊ, मे महिन्यात भर दुपारी जाऊन बघा, पारा ४२-४३ला गेला की सावलीची किंमत कळते. पाणी किती दिवसाआड येतं ते शेजाऱ्यांना विचारा, बिल्डरला नको.

उत्तर २: प्लॉट असेल तर सातबारा, एनए (बिनशेती) ऑर्डर, मंजूर लेआउट वकिलाला दाखवूनच टोकन द्या. तयार घर वहिनींच्या एकट्याच्या नावावर घेतलं तर स्टॅम्प ड्युटीत १ टक्का सूट आहे.

उत्तर ३: बांधलंच तर पश्चिमेचा निंब तोडू नका हो, त्याच्यामुळेच भिंत गार राहते, आणि तोडायला महापालिकेची परवानगी लागते.