मदत हवी आहे: फ्रंटिनेला की नेरिएने? (चादर विणणारा कोळी)

घाईत_आहे
फोटोखाली नाव टाकायचंय, आज रात्रीच. जाळं वाटीसारखं आहे म्हणून मी फ्रंटिनेला लिहिलं. एक जण म्हणतो नेरिएने रॅडिएटा. जुन्या पुस्तकात तसाच कोळी लिनिफिया मार्जिनाटा म्हणून दिलाय. एकच नाव सांगा, कृपया.

पाल्पवाचक
फोटो कुठला? अंगाची लांबी किती? नर की मादी? कोळी चादरीच्या वर आहे की खाली?

घाईत_आहे
पूर्व उत्तर अमेरिका. अंदाजे ५ मिमी. नर-मादी कसं कळणार? आणि वर-खाली कशाला हवंय, जाळं स्पष्ट दिसतंय की.

निवांत
झाडूला ओलं फडकं बांधून फिरवा, कोपऱ्यातली जळमटं एका झटक्यात निघतात.

पाल्पवाचक
निवांत, कोळ्याचं नाव विचारलंय, साफसफाई नाही.
घाईत, वर-खाली यावरच तर सगळं अडलंय. लिनिफिइडी कुलातले कोळी (तुमची तिन्ही नावं यातलीच) चादरीखाली उलटे लटकतात. चादरीवर धावून नळीत पळणारा असेल तर तो अ‍ॅजेलेनिडी या दुसऱ्या कुलातला, त्याचे मागचे तंतू सोडणारे अवयव लांब असतात आणि वरूनही दिसतात. नर ओळखायला तोंडाजवळचे पाल्प बघा, टोकाला मुठीसारखे फुगलेले असले तर प्रौढ नर.

बारकोडवाला
लिनिफिइडी कुलात ४,०००हून जास्त जाती आहेत, कोळ्यांमध्ये उड्या मारणाऱ्यांनंतर याचाच नंबर. फोटोवरून कसले अंदाज बांधता? एक पाय ९५% अल्कोहोलमध्ये घाला, सीओआय जनुक (जात ओळखायला वापरतात तो डीएनएचा तुकडा) वाचून घ्या, विषय संपला.

पाल्पवाचक
फोटोतल्या कोळ्याचा पाय कुठून तोडायचा? शिवाय ९५ टक्क्यांत नमुना कडक होतो, हलवताना पाय तुटतात. डीएनएसाठी ते ठीक, पण एपिगाइन (मादीचं बाहेरून दिसणारं जननांग) नि पाल्प बघायचे तर ७० ते ८०% बरं.

बारकोडवाला
म्हणूनच पाय वेगळा ठेवायचा, उरलेला कोळी ७० मध्ये. दोन कुप्या लागतात, एवढंच.

घाईत_आहे
भांडू नका हो. कोळी वाटीत तळाशी बसलाय, पाठ वर. अंगाची कड पांढरी, मध्ये तपकिरी. वाटीच्या खाली विरळ धागे आहेत. फ्रंटिनेलाच्या वाटीखाली दुसरी चादर असते ना, तीच ही.

शब्दकीस
अवांतर: बारकोडवाल्यांनी 'जाती' बरोबर वापरलंय, अनेक जण तिथे 'प्रजाती' लिहितात. प्रजाती म्हणजे नेरिएने, जाती म्हणजे नेरिएने रॅडिएटा. पाठ्यपुस्तकातही असंच आहे.

निवांत
वर्तमानपत्रात तर सगळीकडे प्रजातीच छापतात.

शब्दकीस
छापोत बापडे.

आठपायी
घाईत, तुमचं वर्णन जुळत नाही. फ्रंटिनेलासुद्धा वाटीच्या *खाली* लटकते, वाटी आणि खालच्या सपाट चादरीच्या मध्ये. वाटीत पाठ वर करून बसणारा लिनिफिइडी असूच शकत नाही. आणि खालची चादर दाट विणीची असते. तुम्ही सांगता ते वेडेवाकडे ताणलेले धागे म्हणजे अडथळ्याचे धागे, ते मुख्य चादरीच्या वर असतात. उडता किडा त्यात अडखळून चादरीवर पडतो. चादर चिकट नसते, कोळी खालूनच चावतो, भोक पाडून त्याला आत ओढतो आणि मागाहून भोक सांधतो.
फोटोत दवाचे थेंब आहेत का? ते धाग्यांच्या कुठल्या बाजूला आहेत?

घाईत_आहे
आहेत. वरच्या बाजूला चिकटलेत.

आठपायी
फोटो फिरवलाय का?

घाईत_आहे
हो, १८० अंश. कोळी उलटा दिसत होता म्हणून सरळ केला.

पाल्पवाचक
घ्या! तुम्ही घुमटाची वाटी केलीत. मूळ फोटो लावा. घुमटाच्या माथ्याखाली लटकलेला, शिरोवक्षाच्या कडा पांढऱ्या, मध्ये तपकिरी, मापही बसतं. नेरिएने रॅडिएटा.

बारकोडवाला
'बहुधा' लिहा. एपिगाइन पाहिलेलं नाही.

पाल्पवाचक
हे मात्र मान्य.

घाईत_आहे
आणि लिनिफिया?

आठपायी
तेही याच कोळ्याचं जुनं नाव. पूर्वी लिनिफियात बरंच काही कोंबलेलं होतं. कोळ्यांचे अभ्यासक फान हेल्सडिंगन यांनी १९६९ मध्ये जननेंद्रियांच्या रचनेवरून ती प्रजाती नव्याने मांडली, तेव्हा रॅडिएटा वगैरे नेरिएनेत गेल्या. मार्जिनाटा आता बाद. नेरिएने रॅडिएटा (वाल्केनेर, १८४१) असं लिहा, कंस विसरू नका. वाल्केनेर यांनी जातीचं वर्णन आधी दुसऱ्या प्रजातीत केलं होतं, हे त्या कंसावरून कळतं.

घाईत_आहे
फोटो पुन्हा सरळ केला. म्हणजे उलटा. थेंब आता खाली लोंबतायत. 'बहुधा' टाकलं, कंसही टाकला.

निवांत
मग जळमटांचं काय ठरलं?