प्रतिसाद: बोनेअर, बायको डायव्हर आणि मी काठावरचा

तुम्ही विचारलंय की कॅरिबियनमधल्या बोनेअर बेटावर बायको टाकी लावून डायव्हिंग करणार, तुम्ही फक्त स्नॉर्केलिंग (मास्क-नळी लावून पाण्यावर तरंगत खाली बघायचं), तर बोट एकच घ्यावी का. माझं मत, नको. ती पाऊणेक तास खाली आणि तुम्ही वर लाटांवर डुलत ओकाऱ्या काढणार, कशाला?

त्यापेक्षा बोनेअरची राजधानी क्रालेनडाइकहून वॉटर टॅक्सी घ्या, समोरच्या क्लाइन बोनेअर या छोट्या बेटावर नो नेम बीचवर सोडतात. तिथे गंमत अशी की किनाऱ्याने चालत जायचं, पाण्यात उतरायचं, आणि करंट तुम्हाला आयतं परत आणतो, फक्त आज करंट कुठल्या बाजूला आहे ते बोटवाल्याला आधी विचारा नाहीतर उलटं पोहत दमछाक (अनुभवाचे बोल). किनाऱ्यावर पांढऱ्या प्रवाळाचे तुकडे पायाला टोचतात, सॅन्डल हव्यातच. बेटावर दुकान, टॉयलेट काही नाही, पाणी घेऊन जा.

मिशी आहे का हो तुम्हाला? माझ्या मास्कमध्ये सारखं पाणी शिरत होतं, शेवटी बोटवाल्याने मिशीला व्हॅसलीन चोपडायला लावलं, मग कुठे मला खालचा पॅरटफिश दिसला, प्रवाळ कुरतडताना चक्क कुरकुर ऐकू येते!

इथला समुद्र १९७९ पासून मरीन पार्क (संरक्षित क्षेत्र) आहे, त्यामुळे पार्कची फी आधीच ऑनलाइन भरा. बायकोला पहिल्या दिवशी चेकआउट डाइव्ह (सुरुवातीचा सोपा सराव डाइव्ह) करावाच लागेल, ग्लोव्हज चालत नाहीत. आणि शेवटच्या डाइव्हनंतर विमानाआधी निदान १८ तास सोडा, म्हणजे वॉटर टॅक्सीचा, नुसत्या स्नॉर्केलिंगचा दिवस शेवटी ठेवा, आपोआप जमतं.