अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्याचे १३ ऑगस्ट २०२४ चे दोन प्रश्न, हो की नाही?

मॅडिसनची_मी:
मागच्या वर्षी सिटिझन झाले, १३ ऑगस्टला पहिल्यांदाच मत देणारे. प्रायमरीच्या (पक्षांचे उमेदवार ठरवणाऱ्या निवडणुकीच्या) बॅलटवर राज्याच्या घटनादुरुस्तीचे दोन प्रश्न आहेत, तीनदा वाचले तरी डोक्यावरून गेले. एकात म्हणे पैसे कुठे खर्चायचे हा अधिकार विधिमंडळाने दुसऱ्या कुणाला देऊ नये, दुसऱ्यात फेडरल, म्हणजे केंद्राकडून आलेला पैसा गव्हर्नरने विधिमंडळाच्या मंजुरीशिवाय वाटू नये. वाचायला बरोबरच वाटतं, मग एवढा वाद कशाचा?

तळ्याकाठी:
वाद कोविडच्या पैशांचा. १९३० च्या दशकापासून इथे फेडरल पैसा गव्हर्नरच वाटतो, त्यामुळे डेमोक्रॅट गव्हर्नर एव्हर्सनी अब्जावधी डॉलर कुठे जायचे ते स्वतः ठरवलं, रिपब्लिकन विधिमंडळाला ते खटकलं, बिलं काढली तर ह्यांनी व्हेटो मारला. घटनादुरुस्तीला व्हेटो चालत नाही ना, लागोपाठच्या दोन विधिमंडळांनी पास केली की थेट लोकांपुढे, म्हणून हा रस्ता. माझं दोन्हीला नाही. पूर आला, साथ आली आणि विधिमंडळाची ही मंडळी अधिवेशनाला बसलीच नाहीत तर? २०२० मध्ये एप्रिलनंतर वर्ष संपेपर्यंत एक कायदा केला नाही त्यांनी, लोक आजारी पडत होते तेव्हा!

ग्रीनबेकर:
माझं दोन्हीला हो. एवढा पैसा एका माणसाच्या हातात कसा काय? उद्या दुसऱ्या पक्षाचा गव्हर्नर आला की तुम्हीच ओरडाल. आपल्या महाराष्ट्रात विनियोजन विधेयक पास झाल्याशिवाय तिजोरीतून रुपया निघत नाही, जास्त लागले तर पुरवणी मागण्या आणाव्याच लागतात.

तळ्याकाठी:
अहो पण तिकडे मुख्यमंत्र्याकडे बहुमत असतं, मागण्या अडतात कुठे? आणि अचानक काही झालं तर आकस्मिकता निधी आहे, आधी खर्च मग मंजुरी. ह्या दुरुस्तीत तातडीच्या वेळेसाठी काहीच सोय नाही, माझा खरा आक्षेप तिथेच आहे. ती असती तर मीसुद्धा विचार केला असता.

मॅडिसनची_मी:
निकाल आला, दोन्ही पडले, दोन्हीकडे ‘नाही’ला ५७ टक्क्यांच्या आसपास मतं. मीपण दोन्हीला नाहीच दिलं. ग्रीनबेकर, तुमचा मुद्दा पटला होता हो, पण ती तातडीची सोय नाही हे कळल्यावर हात हो कडे जाईना. आणि प्रश्न इतक्या किचकट भाषेत का छापतात, रांगेत माझ्या पुढच्या आजी पण तेच विचारत होत्या. नोव्हेंबरच्या बॅलटवर फक्त नागरिकांनीच मत द्यावं अशी अजून एक दुरुस्ती आहे, तिचा वेगळा धागा काढते.