एकाच बाजूचे सायनस आणि न दुखणारी दाढ

प्रश्न :
गेले आठ महिने माझ्या फक्त उजव्या नाकपुडीतून घाण वासाचा पिवळसर स्राव येतो. अँटिबायोटिक चालू असेपर्यंत बरे वाटते आणि नंतर पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. सीटी स्कॅनमध्ये उजवे मॅक्सिलरी सायनस (गालामागची, नाकाशी जोडलेली हाडातली पोकळी) भरलेले दिसल्यावर नाकाच्या डॉक्टरांनी दात तपासायला सांगितले. त्या बाजूच्या दाढेचे रूट कॅनाल पूर्वीच झाले आहे आणि ती मुळीच दुखत नाही. तरीही दोष तिचा असू शकतो का? असल्यास शस्त्रक्रिया दाताची करायची की नाकाची?

प्रतिसाद १ (दंतशल्यचिकित्सक) :
असू शकतो. वरच्या दाढांची मुळे आणि सायनसचा तळ यांच्यामध्ये पुष्कळदा हाडाचा जेमतेम पापुद्रा असतो. मुळाच्या टोकाशी साठणारा पू वर सायनसमध्ये वाट काढतो, त्यामुळे दाब वाढत नाही आणि दाढ गप्प राहते. साध्या एक्स-रेमध्ये हे निसटू शकते. सीबीसीटी (दात आणि जबड्याचा त्रिमितीय स्कॅन) करून घ्यावा. मग रूट कॅनाल पुन्हा करायचे, मुळाचे टोक कापायचे की दाढच काढायची, हे ठरवता येते.

प्रतिसाद २ (कान-नाक-घसा तज्ज्ञ) :
केवळ एका बाजूचा दुर्गंधीयुक्त स्राव दिसला की मी आधी दातांकडे पाहतो. पूर्वी यासाठी गालाच्या आतून हाड उघडणारी कॉल्डवेल-ल्यूक शस्त्रक्रिया सर्रास होत असे. आता बहुतेक वेळा दुर्बिणीने नाकातूनच सायनसचे नैसर्गिक द्वार रुंद करतात. दाढेवर उपचार झाल्यावर काहींचे सायनस आपोआप निवळते, काहींना दोन्ही करावे लागते; मात्र दाढ तशीच ठेवून नुसते सायनस धुतले, तर आजार परतण्याचीच शक्यता अधिक.

प्रश्नकर्ता :
दाढ काढल्यावर सायनसपर्यंत भोक पडले तर?

प्रतिसाद १ :
सुमारे दोन मिलिमीटरपर्यंतचे छिद्र रक्ताची गुठळी टिकल्यास बहुधा स्वतःच बुजते. पाच मिलिमीटरहून मोठे असल्यास तोंडातले गालाकडील किंवा वरच्या टाळूचे अस्तर सरकवून, कधी गालातल्या चरबीचा थर ओढून ते बंद करतात. पण सायनसमधला पू आधी निघायला हवा, नाहीतर टाके उसवतात. पुढचे दोन आठवडे नाक जोरात शिंकरू नये, स्ट्रॉने पिऊ नये आणि शिंक आलीच तर तोंड उघडे ठेवावे.