अँड्रोमेडाला गिळायला आलेल्या समुद्रराक्षसाचं नाव काय?

पेडण्याची बाई:
मी पेडणे तालुक्यात प्राथमिक शाळेत शिकवते. शनिवारी शेवटच्या तासाला चौथीला गोष्ट सांगते. या वेळी ग्रीकांच्या पर्सियसची सांगितली. कॅसिओपिया राणी बढाई मारते की समुद्रकन्यांपेक्षा मी देखणी, समुद्रदेव पोसायडन खवळतो, राज्यावर पूर आणि राक्षस सोडतो, राजकन्या अँड्रोमेडाला खडकाला बांधतात, आणि जिच्याकडे बघणाऱ्याचा दगड होई त्या मेडुसाला मारून परतणारा पर्सियस येतो. मुलं गप्प बसून ऐकत होती. शेवटी एक मुलगा उठला. त्याचा बाप रापणीवर, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायच्या मोठ्या जाळ्यावर असतो. म्हणाला, "बाई, मेडुसाला नाव आहे, पंखांच्या घोड्याला नाव आहे, मग जो राक्षस मेला त्यालाच नाव नाही?" मागून एकीनं "क्रॅकन" सांगितलं, तिनं सिनेमात पाहिलं होतं. मला ते पटलं नाही, पण उत्तरही देता आलं नाही.

मनात राहण्याचं आणखी एक कारण आहे. मी सात-आठ वर्षांची असताना आमच्या किनाऱ्यावर मेलेला देवमासा लागला होता. पोरं दगड मारायला लागली तशी आजी ओरडली, "देवमासो तो, ताका फातर मारूं नाकात!" आणि वाळूत उभी राहून तिनं हात जोडले. ग्रीकांचा तो राक्षस म्हणजे देवमासाच होता का? पुढच्या शनिवारच्या आत कळलं तर बरं होईल.

म्हापसेकर:
बाई, तुमच्या विद्यार्थ्यानं नेमकी जागा पकडली. क्रॅकन नॉर्वेकडच्या समुद्रातला, ग्रीकांशी त्याचा संबंध नाही. ग्रीक कथेत या प्राण्याला 'केटॉस' म्हणतात, पण ते विशेषनाम नव्हे. समुद्रातलं कुठलंही अवाढव्य जनावर म्हणजे केटॉस, मग तो राक्षस असो की देवमासा. दोन्हींना एकच शब्द. देवमासे आणि डॉल्फिन यांच्या गटाला शास्त्रज्ञ 'सिटेशिया' म्हणतात, ते यावरूनच. जुन्या चित्रांत मात्र तो माशासारखा नसतो: लांब मुस्कट, उभे कान, मागे सापासारखी वेटोळी.

याच शब्दावरून एका देवतेचं नाव आहे, केटो. ग्रीक कवी हेसिअडच्या 'थिओगोनी' या काव्यात ती समुद्र पोंटस आणि पृथ्वी गाया यांची मुलगी. तिथे तिला 'सुंदर गालांची' म्हटलंय, हे मला फार आवडतं. तिनं भाऊ फोर्किसशी लग्न केलं. म्हाताऱ्याच जन्मलेल्या ग्राया बहिणी आणि गॉर्गन बहिणी ही त्यांची मुलं. मेडुसा ही त्या गॉर्गनांपैकी एक. म्हणजे पर्सियस आधी केटोच्या मुलीचं मुंडकं कापतो आणि परतीच्या वाटेवर तिच्याच नावाचं जनावर मारतो. काही कथांत तर ते मुंडकं दाखवूनच त्याचा दगड करतो. मुलांना हे नातं जरूर सांगा. ती मेडुसाकडे वेगळ्या नजरेनं बघतील.

फोंड्याहून, दुर्बीणवाला:
तो रोज आपल्या डोक्यावरून जातो, बाई! आकाशातल्या त्याच्या तारकासमूहाला आपण तिमिंगल म्हणतो. तिमी नावाच्या प्रचंड माशालाही गिळणारा तो तिमिंगिल, हा शब्द संस्कृतातला.

आता मजा बघा. मराठी तारका-नकाशात अँड्रोमेडा आहे देवयानी, पर्सियस ययाती, कॅसिओपिया शर्मिष्ठा आणि तिचा नवरा सेफियस झाला वृषपर्वा, म्हणजे शर्मिष्ठेचा बाप. ज्यांनी ही नावं बसवली त्यांना दाद द्यायला हवी. देवयानीला शर्मिष्ठेनं विहिरीत ढकललं, ययातीनं हात धरून वर काढलं. तिथे खडक, इथे विहीर, सोडवणारा राजपुरुष दोन्हीकडे. फक्त राक्षसाला आपल्या कथेत जागा मिळाली नाही, तो दक्षिणेकडे एकटाच राहिला.

नोव्हेंबरच्या मध्यावर रात्री नऊ-साडेनऊला दक्षिणेकडे तोंड करून उभे राहा. बऱ्यापैकी उंचावर एक एकाकी ठळक तारा दिसेल. अरबांनी त्याला 'देनेब कैतोस' म्हटलं, केटॉसची शेपटी. मानेच्या बाजूला मीरा नावाचा तारा आहे. डेव्हिड फॅब्रिशियस या खगोलनिरीक्षकाला तो १५९६ साली दिसला आणि पुढे मंदावत दिसेनासा झाला. साधारण ३३२ दिवसांत तो उजळतो आणि मंदावतो. उजळला की नुसत्या डोळ्यांनी दिसतो, एरवी दुर्बीण लावावी लागते. मुलांना घेऊन रात्री किनाऱ्यावर गेलात तर दिव्यांपासून लांब, पाण्याकडच्या काळोखात बसा.

वाळपईची वाचक:
देवमासाच होता का, या प्रश्नाला जवळ जाणारी एक गोष्ट थोरल्या प्लिनी या रोमन लेखकानं लिहून ठेवलीय. रोमचा मार्कस स्कॉरस इ.स.पू. ५८ मध्ये नगराधिकारी होता. त्यानं यापो, म्हणजे आजचं इस्रायलमधलं जाफा, इथून अँड्रोमेडाच्या राक्षसाची म्हणून हाडं आणून रोममध्ये मांडली. लांबी ४० फूट, कणा दीड फूट जाड, आणि बरगड्या हिंदुस्थानी हत्तीपेक्षा उंच! जाफाच्या किनाऱ्याला लागलेल्या एखाद्या देवमाशाचीच ती असावीत, असं मला वाटतं.

पेडण्याची बाई:
सगळ्यांचे मनापासून आभार. काल गोष्ट पुन्हा सांगितली, या वेळी केटोपासून सुरुवात करून. सुंदर गालांची म्हटल्यावर मुली हसल्या, मेडुसा तिची मुलगी म्हटल्यावर वर्ग शांत झाला. फळ्यावर मी एकाखाली एक तीन शब्द लिहिले: केटॉस, तिमिंगल, देवमासा. रापणकाराच्या मुलानं वहीत तिसराच उतरवून घेतला आणि खाली स्वतःच्या मनानं चित्र काढलं, खडक, बांधलेली मुलगी, आणि पाण्यातून वर आलेला प्रचंड मासा. माशाच्या कपाळावर कुंकू होतं. मी का म्हणून विचारलं, तर म्हणाला, "नारळी पुनवेला आम्ही दर्याला लावतो ना, तेच."